त्सेदालेचा चाळिसावा दिवस

मेसेज आला तेव्हा अस्नाकेच मसूर निवडत बसली होती. कपाळावर चढवलेला चष्मा तिने नाकावर ओढला, मेसेज वाचला, चष्मा काढून शालीच्या टोकाने पुसला आणि पुन्हा वाचला. अक्षरं काही बदलली नव्हती.

‘वारका वस्ती इद्दिर. दिवंगत त्सेदाले यांचा तेझकार मेस्केरेम ३ रोजी, ६ वाजता. तंबू, बाकं आणि हंड्या आदल्या दिवशी पोचतील.’

“मेस्केरेम तीन!” ती समोरच्या मसुरालाच म्हणाली. “अरे, कुठून आणलंत मेस्केरेम?”

तिची जुनी मैत्रीण त्सेदाले गेली हामलेच्या चोवीस तारखेला. तो दिवस धरून हामलेचे सात, नेहासेचे तीस आणि पागुमेचे तीन, झाले चाळीस. हा हिशोब करायला बोटंही लागत नाहीत. चाळिसाव्या दिवशी मेलेल्या माणसाच्या नावाने शेजारपाजाऱ्यांना जेवू घालायचं, हा तेझकार, आजीच्या आजीपासून चालत आलेला. मेसेज पाठवणाऱ्या त्या मशिनीने मात्र चाळीस मोजताना नेहासे संपल्यावर सरळ नव्या वर्षात उडी मारली होती. वर्षाच्या शेपटाला असलेला तो पाच-सहा दिवसांचा पागुमे तिने जेवणातल्या खड्यासारखा बाजूला काढून टाकला होता. दुष्काळात तेरावा महिना आला तर माणूस रडतो. इथे तेरावा महिनाच गायब, आता कुणाच्या नावाने रडायचं?

आणि आज नेहासेची एकोणतीस. तेझकार चार दिवसांवर. त्सेदालेच्या घरी तेल्लाचे माठ भरून ठेवलेले, तिसऱ्या पागुमेला बरोबर उतरतील अशा बेताने. मेस्केरेमपर्यंत ठेवले तर ती बिअर नाही, व्हिनेगर.

तेवढ्यात फोन वाजला. जुन्या वस्तीतली तिरुवर्क.

“अस्नाकेच, ऐकलंस का? त्सेदालेला पुढच्या वर्षापर्यंत थांबायला सांगितलंय.”

“वाचलं मी.”

“आणि सहा म्हणजे आपले सहा की फिरंग्यांचे? नाही, मी आपली विचारून ठेवते. मी हल्ली दोन्ही वेळांना जाते. त्या केबेदेच्या सुनेच्या मयताला सकाळी जाऊन आले, मग पुन्हा दुपारी गेले. सून म्हणाली असेल, या बाईला माझा भारीच पुळका.”

“सून कशी म्हणेल? ती गेलेली ना!”

“तेच तर! म्हणून कुणी काही बोललं नाही.”

एरवी अस्नाकेच हसली असती. आज तिने “बघते मी” म्हणून फोन ठेवला. मसुराचं ताट सरकवलं. तेझकारासाठीच निवडत होती ती मसूर. तिसरा पागुमे यंदा शुक्रवारी, उपासाचा. मांस नाही. मसूर, शिरो म्हणजे डाळीच्या पिठाचं पिठलं, आणि कोबी-बटाटा.

वारका वस्ती आता फक्त इद्दिरच्या, मयताला मदत करणाऱ्या मंडळाच्या, नावात उरली होती. वस्तीच्या तोंडाशी ते भलंमोठं वारकाचं झाड होतं, त्याच्या सावलीत दर महिन्याला इद्दिरची बैठक भरे. कुणाच्या घरी मयत झालं की दवंडी देणारा लेगेसे पत्र्याचा कर्णा घेऊन पहाटे गल्लीगल्लीतून ओरडत जाई, “अमक्याच्या आई गेल्या हो, नऊ वाजता, मिकाएलच्या देवळात!” अर्ध्या तासात तंबू उभा राही, बायका चुलीपाशी, पुरुष बाकांपाशी. कुणाला काही सांगावं लागत नसे. मग एका वर्षी भिंतींवर लाल रंगाने फुल्या पडल्या, दुसऱ्या वर्षी वस्ती पाडली. झाड पण पाडलं. माणसं चिठ्ठ्या काढून सरकारी इमारतींत विखुरली, कुणी जेमोला, कुणी यका अबाडोला, अस्नाकेच तर थेट तुलू दिमतूला, चौथ्या मजल्यावर. इद्दिर मात्र कुणी मोडलं नाही. मोडणार कसं? मरायचं तर ओळखीच्या माणसांत. पण शहराच्या तीन टोकांना लेगेसेचा कर्णा कुठे पुरणार? तो स्वतःही मग गेला. त्याच्या मयताची दवंडी द्यायला कुणी नव्हतं, अस्नाकेचने शंभर फोन केले होते.

म्हणून त्सेदालेची मुलगी महलेत हिने तो प्रोग्रॅम लिहिला. ती एका कंपनीत तेच काम करायची. कुणाच्या घरी काय, कधी, तंबू कुठे न्यायचा, भाकऱ्या कुणाच्या वाटणीला, हे एकदा टाइप केलं की एकशे सेहेचाळीस फोनांवर आपापल्या कामाचा मेसेज आपसूक जायचा. गेल्या ताहसास महिन्यात तो सुरू झाला तेव्हा अध्यक्ष गाशे देबेबे यांनी भाषण केलं होतं. त्सेदाले पहिल्या बाकावर बसून दोन्ही हातांनी डोळे पुसत होती.

आणि पहिल्या आठवड्यापासून वेळा चुकायला लागल्या.

मशीन फिरंग्यांची वेळ ओळखायची. तिच्या लेखी दिवस मध्यरात्री सुरू होतो. दिवस उजाडतो सूर्य उगवल्यावर, आणि उजाडल्यावर तासाभराने एक वाजतो, हे टाइप केलेलं वाचताना तिला ठाऊकच नसे, मेसेज पाठवताना मात्र ती वेळ आपल्या घड्याळात बदलायची. मयताची वेळ टाइप करायची ती इद्दिरची चिटणीस अस्नाकेच. तिने दुपारचे नऊ टाइप केले की मशीन ते फिरंग्यांचे सकाळचे नऊ समजायची आणि लोकांना कळवायची, ‘३ वाजता’. दुपारचं मयत सकाळी. दोनदा असं झालं. अस्नाकेचने मग कुणाला न विचारता उपाय काढला. छत्तीस वर्षं ट्रंक कॉलच्या ऑफिसात बसलेली बाई ती. रोम आणि लंडन एका कानाला, गोंदर आणि जिम्मा दुसऱ्या. तिला दोन घड्याळं काय नवी? घड्याळाचा तासाचा काटा जिथे असेल त्याच्या नेमकं समोर बघायचं, काट्याचं शेपूट जिथे, तिथे दुसरी वेळ. फिरंग्यांचे तीन, आपले नऊ. ती नऊच्या जागी तीन टाइप करू लागली. मेसेज बरोबर जाऊ लागले. सगळे म्हणाले, सुधारलं हो मशीन. ती काही बोलली नाही. मनातल्या मनात तिला जरा गुदगुल्याही झाल्या होत्या.

पुढे सेने महिन्यात तिला ताप आला. त्या आठवड्यात एक मयत देबेबेंनी स्वतः टाइप केलं, आपल्या सरळ नऊ वाजता, आणि मेसेज गेला तीनचा. देबेबेंनी महलेतला फोन लावून चांगलं झापलं. महलेतने दोन दिवसांत मशिनीला आपली वेळ शिकवली. देबेबेंना वाटलं, पोरीने दुरुस्त केलं, विषय संपला. अस्नाकेचला त्यांनी सांगितलं नाही. अस्नाकेचने तिचा उपाय त्यांना सांगितलेला नव्हताच.

हामलेच्या चोविसाला त्सेदाले गेली, दुरुस्तीनंतरचं पहिलंच मयत. मयत दुसऱ्या दिवशी नऊला ठरलं. इस्पितळाच्या व्हरांड्यात उभं राहून, रडून सुजलेल्या डोळ्यांनी अस्नाकेचने नेहमीच्या सवयीने टाइप केलं, तीन.

मशीन आता शहाणी झाली होती. तिने तीनचे तीनच कळवले.

सकाळी तीनला, फिरंग्यांच्या नऊला, माणसं त्सेदालेच्या जेमोच्या घरी आली. दाराला कुलूप. घरचे सगळे इस्पितळात. शेजारच्या कुणी तरी सांगितलं, मयत गावाकडे नेलं असेल. माणसं तासभर जिन्यात उभी राहिली आणि आपापल्या कामांना गेली. मिकाएलच्या आवारात नऊ वाजता अकरा माणसं होती. अस्नाकेचने मोजली होती. ज्या त्सेदालेने तीस वर्षांत एक मयत चुकवलं नाही, जी सगळ्यांच्या आधी जाऊन ओली बाकं आपल्या शालीने पुसायची, तिच्या खड्ड्यापाशी अकरा माणसं, त्यातले दोघे खणणारे.

मयताच्या गाडीत बसल्यावर अस्नाकेचने पर्समधून फोन काढला होता आणि तो मेसेज पाहिला होता. ‘३ वाजता’. तिला त्याच क्षणी सगळं कळलं. तिने फोन परत पर्समध्ये ठेवला. चौतीस दिवस झाले, तिने ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती आणि मशिनीलाही परत हात लावला नव्हता.

ती उठली, शाल लपेटली आणि जेमोला निघाली. दोन मिनीबस आणि मध्ये चिखलातून चाल. पहिल्या बसचा कंडक्टर म्हणाला, “इमामा, पाय आत घ्या.” दुसऱ्या बसचा म्हणाला, “इमामा, पिशवी मांडीवर.” तिने पाय आत घेतले, पिशवी मांडीवर घेतली.

महलेत काळ्या कपड्यांत, केस बांधलेले, लॅपटॉपसमोर बसलेली. तिशीतली पोर, महिन्याभरात चाळिशीची दिसायला लागली होती. शेजारी छोट्या शेगडीवर कढईत कॉफीचे दाणे भाजत ठेवलेले. आईचीच कढई.

“एतिये, या. मला माहितेय तुम्ही का आलात. सकाळपासून बावीस फोन आले.”

“पागुमे कुठे गेला, पोरी?”

“माझ्या हातून गेला.” महलेतने डोळे चोळले. “मी सगळं मुळापासून परत लिहिलं ना, आईच्या मयतानंतर. तारखांचा तक्ता एका ठिकाणाहून तयार उचलला. त्यात बाराच महिने. बारा महिने तीस दिवसांचे, झालं वर्ष. वाचून बघायचं भान नव्हतं मला.”

“मुळापासून कशाला लिहिलंस?”

“कशाला म्हणजे? ते कशामुळे चुकलं तेच सापडेना!” तिचा आवाज चढला. “वेळ मी दुरुस्त केली होती. शंभर वेळा तपासून बघितलं. नऊ टाकले की नऊच जातात. मग आईच्याच वेळी तीन कसे गेले? चौतीस दिवस हेच चाललंय. ऑफिसातल्या दोघांना दाखवलं, ते म्हणतात, यात काही चूक नाही. आता मी वेडी झाले का? इकडे बघा.”

तिने लॅपटॉप फिरवला. ओळीच ओळी.

“ही मशिनीची नोंदवही. तारीख, कुणी टाइप केलं, काय टाइप केलं. हामले पंचवीस. इथे तुमचं नाव. आणि समोर काय? तीन. तुम्ही तीन कसं टाइप कराल? तुम्ही, एतिये अस्नाकेच! म्हणजे नोंदवहीच खोटं बोलतेय. मी नोंदवहीचा भाग टाकून दिला, नवा लिहिला. तरी जुन्या नोंदी तेच सांगतात. मग म्हटलं आतलं घड्याळच बिघडलेलं असणार, ते बदललं. ते बदलल्यावर तारखा हलल्या. तारखा धरायला गेले तर पागुमे सुटला. एक भोक बुजवलं की दोन पडतात!”

आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं चाललं होतं पोरीचं, आणि म्हैस समोर बसून बघत होती.

अस्नाकेचला नोंदीतलं आपलं नाव दिसत होतं. त्याच्या वरही दिसत होतं, मियाझिया आणि गिनबोत महिन्यांत, पाच-सहा वेळा. तीन, चार, दोन. मधेच एकदा देबेबे, नऊ. लहान मुलालाही कळलं असतं. या शहाण्या मुलीला कळत नव्हतं, कारण तिला ते कळून घ्यायचंच नव्हतं. लहानपणी ती अस्नाकेचच्या मांडीवर बसून घड्याळ शिकली होती.

“नोंदवही खोटं बोलत नाही,” अस्नाकेच म्हणाली.

“म्हणजे?”

“मीच टाइप केलं, तीन.”

मग तिने सगळं सांगितलं. शेपटाची युक्ती, ताप, देबेबे, इस्पितळाचा व्हरांडा. सांगताना तिने नजर खाली घातली नाही. फार वेळ लागला नाही सांगायला, चौतीस दिवस उराशी धरलेली गोष्ट चार वाक्यांत मावली.

कढईतून धूर यायला लागला. दाणे काळे झाले, मग वास आला, मग अस्नाकेचनेच उठून कढई खाली उतरवली.

“त्याच दिवशी का नाही सांगितलंत?”

“छत्तीस वर्षांत माझ्या हातून एक कॉल चुकला नाही, असं लोक म्हणतात. तूही सगळ्यांना सांगतेस. मला ते ऐकायला आवडतं.”

“मी आईच्या फोटोसमोर बसून तिची माफी मागत होते, एतिये! रोज! माझ्या प्रोग्रॅमने तुझी माणसं पळवली म्हणून!” महलेत उभी राहिली. “तुम्ही इथे येऊन शेजारी बसत होतात. माझ्या पाठीवर हात फिरवत होतात. ‘मशीनच ती, पोरी, तिला काय कळतंय,’ असं म्हणालात तुम्ही. मला शब्द न् शब्द आठवतो.”

“मलाही आठवतो.”

“मग जा तुम्ही. आत्ता जा. मला काम करू दे.”

अस्नाकेच गेली नाही. तिने जळलेले दाणे डब्यात टाकले, कढई घासली, नवे दाणे धुतले आणि शेगडीवर चढवले. महलेत शेगडीकडे पाठ करून खिडकीपाशी उभी होती. खाली कुणी तरी घोंगड्या झटकत होतं. दाणे तडतडायला लागल्यावर ती परत येऊन लॅपटॉपसमोर बसली, आणि न बघताच म्हणाली, “देबेबे सरळ टाइप करतात. तुम्ही उलटं करता. माणसं वाचताना आणखी काही तरी करतात. मी आत चार ठिकाणी सहा तास मिळवलेत आणि तीन ठिकाणी वजा केलेत. कुठे मिळवले ते आता मलाही आठवत नाही. हे आता कुणाच्या बापाला सुधारायचं नाही.”

“चार ठिकाणी कशाला मिळवलेस?”

“जिथे चुकलेलं दिसलं तिथे.”

“अगं, असं कुणी करतं का!” अस्नाकेचच्या आवाजात एकदम ट्रंक ऑफिस आलं. “आमच्याकडे नवी मुलगी आली की ती हेच करायची. लंडनचा कॉल आला की वहीत लंडनची वेळ लिहायची, जिम्म्याचा आला की आपली. आठ दिवसांत वही म्हणजे मासळीबाजार. मग मेकुरिया साहेब वही तिच्या टेबलावर आपटायचे. वहीत घड्याळ एकच! तोंडात पाहिजे तेवढी घड्याळं ठेव, पण वहीत एकच. भिंतीवरचं घड्याळ बघून लिहायचं, आणि माणसाशी बोलताना, त्याच्याशीच फक्त, त्याची वेळ बोलायची. बदल करायचा तो ओठांपाशी. मधे नाही. मधे हात लावायचाच नाही.”

महलेतने वर पाहिलं. राग गेला नव्हता, पण कपाळाची शीर उतरली होती.

“आत एकच,” ती म्हणाली. “बदल फक्त दारात. आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा.”

“तेच म्हणतेय मी.”

“हे मला कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवलं होतं.”

“मलाही पहिल्या महिन्यात. बघ आपण दोघींनी त्याची काय दशा केली.”

त्या दिवशी दुपारपासून ऊन उतरेपर्यंत दोघी बसल्या. महलेत पुसत होती, अस्नाकेच घरातल्या एका कागदी पिशवीच्या पाठीवर मोजणीच्या रेघा ओढत होती. मिळवलेले सहा किती सापडले, वजा केलेले किती. सातवा सापडेना. सापडला तेव्हा तो अशा ठिकाणी होता की महलेतने स्वतःच्या कपाळावर हात मारला. मग तारखांचं भांडण निघालं. जागरणाला जाणाऱ्या बायकांना रात्री आठला, म्हणजे फिरंग्यांच्या पहाटे दोनला, बोलवायचं, तर मशीन म्हणे तारीख बदलली.

“कशी बदलली? अजून उजाडलं कुठे?”

“फिरंग्यांची मध्यरात्री बदलते, एतिये.”

“सगळे झोपलेले असताना तारीख बदलायची? याला चोरी म्हणतात.”

“म्हणू दे. ती दारातच बदलावी लागणार. थांबा.” ती पुन्हा पुसायला लागली. एकदा बरोबर यायचं, दुसऱ्यांदा चुकायचं. महलेतने एकदा लॅपटॉप मिटलाही. अस्नाकेचने कॉफीचा दुसरा कप पुढे सरकवला. तिने तो घेतला, पण ‘देव भलं करो’ म्हणाली नाही.

शेवटी पागुमे. तेरावी ओळ घालणं सोपं होतं.

“दिवस किती घालू? पाच की सहा? कधी सहा असतो हे मला दर वेळी शोधावं लागतं.”

“शोधायचं काय त्यात? मत्तय, मार्क, लूक, योहान. चार वर्षं चौघांची. लूकचं वर्ष संपताना सहा, बाकी तिघांना पाच. संपतंय ते लूकचं. यंदा सहा.”

महलेतने चाराने भागाकाराचं काही तरी लिहिलं. “बरोबर येतंय,” ती नाखुशीने म्हणाली. “घ्या. आता तुम्ही टाइप करा. तेझकार. वेळ.”

अस्नाकेचचं बोट अक्षरांवर थांबलं. दुपारचे सहा. हात आपोआप बाराकडे निघाला होता, छत्तीस वर्षांची सवय ती. तिने बोट मागे घेतलं आणि सहावर ठेवलं. तिचा फोन किणकिणला. ‘पागुमे ३. ६ वाजता.’

तेवढ्यात देबेबेंचा फोन आला. महलेतने तो मोठ्या आवाजावर लावला.

“झालं का गं दुरुस्त?”

“झालं, गाशे. आता सहा म्हणजे सहाच.”

“कप्पाळ! आता सहा म्हणजे सहा, हे लोकांना कोण सांगणार? तिरुवर्क दोनदा जाते. कासाहुन सहा मिळवून जातो. मी स्वतः सहा वजा करून जातो आणि तिथे बसून राहतो. तू खरं बोललीस तरी सगळे खोटं धरून चालणार. लांडगा आला रे झालंय तुझ्या मशिनीचं.”

महलेतचे खांदे पडले. दिवसभराची मेहनत एका वाक्यात गेली. फोन बंद झाल्यावर ती म्हणाली, “त्यांचं बरोबर आहे. मी एकशे सेहेचाळीस जणांना फोन करत बसू का? तेही म्हणतील, मागच्या वेळीही असंच सांगितलं होतंस.”

“तू नको करूस. मशीन काहीही लिहून पाठवते का?”

“काहीही.”

“मग लिही. मी सांगते तसं. एक शब्द बदलायचा नाही.”

अस्नाकेचने शाल सारखी केली, जणू बैठकीत उभी राहिली होती. आणि एकेक शब्द सांगायला लागली.

“वारका वस्तीतल्या माझ्या भावाबहिणींनो. हामले पंचवीसला त्सेदालेच्या मयताची वेळ चुकली ती महलेतच्या मशिनीमुळे नाही. मी, अस्नाकेच, मशिनीला फसवत होते. मशीन सुधारली तरी मी फसवत राहिले आणि नंतर गप्प बसले. तुम्ही सकाळी आलात आणि बंद दारावरून परत गेलात, ते माझ्यामुळे. त्सेदालेचा तेझकार पागुमे तीनला. वेळ सहा, डोक्यावर सूर्य असतानाचे आपले सहा. काही मिळवू नका, काही वजा करू नका. तिरुवर्क, एकदाच ये.”

महलेतची बोटं थांबली होती. “एतिये, ‘मशिनीला फसवत होते’ हे असं नका लिहू. ‘गैरसमज झाला’ म्हणूया. लोक वाईट असतात. तुम्ही तेहतीस वर्षं चिटणीस आहात.”

“एक शब्द बदलायचा नाही म्हटलं ना.”

महलेतने बटण दाबलं. एकशे सेहेचाळीस. पहिला किणकिणाट अस्नाकेचच्याच मांडीवर झाला.

घरी जाताना मिनीबसमध्ये तिने फोन बंद करून ठेवला. कोण काय म्हणतंय ते तिला बसमध्ये वाचायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला तर एकोणीस मेसेज. दोघांनी नवा चिटणीस निवडा असं लिहिलं होतं. एकाने फक्त लिहिलं होतं, ‘अकरा माणसं, अस्नाकेच. अकरा.’ बाकीचे तिने उघडले नाहीत.

पागुमेच्या तीन तारखेला पहाटेपासून भुरभुर पाऊस होता. रुफाएल देवदूताच्या दिवसाचा पाऊस शुभ, इमारतीतली पोरंठोरं अर्धी उघडी होऊन अंगणात त्यात नाचत होती. तंबू उभा होता. सगळ्यांत आधी आले देबेबे, उजाडता उजाडता, आपल्या पहाटेच्या बाराला. छत्री मिटून बाकावर बसले.

“गाशे, सहाला यायचं होतं,” महलेत म्हणाली.

“वाचलं मी. पण माझा माझ्यावर विश्वास नाही.”

अस्नाकेच आवारात शिरली आणि तिने बाकं बघितली. ओली होती. शालीचं टोक घेऊन ती एकेक बाक पुसायला लागली. महलेत तेल्लाचे पेले मांडत होती, तिने बघितलं, जवळ आली नाही. मग थोड्या वेळाने कोरडं फडकं आणून बाकाच्या दुसऱ्या टोकावर ठेवलं आणि परत गेली.

साडेपाच झाले. देबेबे आणि शेजारच्या तीन बायका. पावणेसहा. मिकाएलचे दोन पुजारी. अस्नाकेच शेवटच्या बाकावर बसली होती आणि मनात मोजत होती. न मोजता राहवेना. माणसं सहा. फाटकातून आणखी एक, सात. तो कासाहुन, सहा न मिळवता आलेला. आठ. यका अबाडोहून दोघी बहिणी, चिखलात पाय माखलेले. दहा. मग नवा चिटणीस निवडा म्हणणारा तो एक, तिच्याकडे न बघता पुढे जाऊन बसला. अकरा.

फाटकाबाहेरूनच तिरुवर्कचा आवाज ऐकू आला. “एकदाच आलेय हो, एकदाच! आता जेवण नाही मिळालं तर परत यायची नाही!”

तिच्या मागे फाटकातून छत्र्याच छत्र्या आत येत होत्या. अस्नाकेचने मोजणं सोडलं आणि बाकावर जागा करायला सरकली.